संघबांधणीचा हिशेब कसा मांडायचा: मुंबई सिटीचा २०२४ चा उन्हाळा

४ मे २०२४ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मुंबई सिटी या फुटबॉल क्लबने मोहन बागानला ३-१ ने हरवून इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) करंडक जिंकला. पुढच्या हंगामात हाच क्लब साखळीत सहावा आला आणि २९ मार्च २०२५ ला बेंगळुरूत बाद फेरीच्या सामन्यात ५-० ने हरला. पाचवा गोल केला होर्हे परेरा डियाझने. आदल्या वर्षीच्या अंतिम सामन्यात मुंबईचा पहिला गोलही त्याचाच होता.

असं का होतं, हे हंगाम सुरू होण्याआधीच बऱ्यापैकी ओळखता येतं. त्यासाठी क्लबच्या आतली बातमी लागत नाही. एक वही, खेळाडूंची मिनिटं आणि दोन-तीन संध्याकाळी पुरतात. अडचण एकच: मे महिना संपला की आपला सगळा जीव ‘कोण येणार’ यात अडकतो. हिशेब ‘कोण गेलं’ इथून सुरू करायचा असतो.

मिनिटांची वही

वहीत प्रत्येक खेळाडूची एक ओळ करा. त्यात नाव, १ सप्टेंबरला असणारं वय, जागा, चालता पाय, भारतीय की परदेशी, करार कधी संपतो आणि गेल्या हंगामात साखळीत खेळलेली मिनिटं लिहा. मिनिटं फोटमॉब, सोफास्कोर किंवा ट्रान्सफरमार्क्ट या आकडेवारीच्या संकेतस्थळांवर मिळतात. ट्रान्सफरमार्क्टवरची खेळाडूची ‘किंमत’ मात्र वहीत घेऊ नका. आपल्याकडे बहुतेक खेळाडू करार संपल्यावर पैसे न मोजता क्लब बदलतात, त्यामुळे त्या अंदाजाला इथे फारसा आधार नसतो.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे सगळ्या स्पर्धांची मिनिटं एकत्र करणं. २०२३-२४ मध्ये मुंबई सिटी आशियाई चॅम्पियन्स लीगही खेळत होती आणि गटातले सहाच्या सहा सामने हरली. ती मिनिटं साखळीत मिसळली तर कोणावर किती भार होता याचं चित्र बिघडतं. दमछाक किती झाली ते पाहायला ती उपयोगी आहेत, पण वेगळ्या रकान्यात.

आता गुणाकार. २०२३-२४ ला साखळीत २२ सामने होते. एका जागेची मिनिटं २२ गुणिले ९०, म्हणजे १,९८०. अकरा जागांची २१,७८०. मोहम्मडन हा क्लब साखळीत आल्यावर २०२४-२५ ला १३ संघ आणि २४ सामने झाले, म्हणजे एका जागेला २,१६० आणि संघाला २३,७६०. जे गेले त्यांच्या मिनिटांची बेरीज करून एकूण मिनिटांनी भागा. माझा ठोकताळा असा: पंधरा टक्क्यांपर्यंत नेहमीची ये-जा, पंचवीसच्या वर गेलं की नवा संघ समजायचा, आणि पस्तीसच्या वर असेल तर डिसेंबरपर्यंत धीर धरायचा. नियम कुठलाच नाही, पण जुलैत उगाच हुरळून जाण्यापासून हा ठोकताळा वाचवतो.

नावं मैदानावर मांडा

टक्केवारीने निम्मीच गोष्ट कळते. कोऱ्या कागदावर मैदान काढा आणि गेलेल्यांची नावं आपापल्या जागी लिहा. सगळं महत्त्वाचं इथेच दिसतं.

मुंबईचा २०२४ चा कागद असा होता. बचावात मधोमध कर्णधार राहुल भेके, मुंबईचाच मुलगा. त्याच्या पुढे मधल्या फळीत आपुइया. त्याच्या पुढे चेंडू पुरवणारा आल्बेर्तो नोगुएरा. टोकाला डियाझ. चौघेही गेले: भेके, नोगुएरा आणि डियाझ बेंगळुरूला, आपुइया मोहन बागानला. या चार नावांवरून पेन फिरवलं तर आपल्या गोलपासून समोरच्या गोलपर्यंत जवळजवळ सरळ रेघ निघते. दोन्ही कडांवरचे विंगर बदलले तर संघ जखमी होतो, चालत राहतो. मधली रेघ गेली तर चेंडू मागून पुढे न्यायचा रस्ताच नव्याने बांधावा लागतो.

आता वयाचा रकाना पाहा. १ सप्टेंबर २०२४ ला नोगुएरा आणि डियाझ दोघेही ३४ वर्षांचे होते, भेके ३३ चा, आपुइया २३ चा. एकेकटं पाहिलं तर पहिल्या तिघांचं जाणं समजून घेता येतं. चौतिशीतल्या आघाडीपटूशी लांबचा करार करू नये हे कोणीही मान्य करेल. चूक एकेका निर्णयात नव्हती. चौघं एकाच उन्हाळ्यात गेले, आणि त्यांतला एक असा होता की ज्याच्याभोवती पुढची सहा वर्षं संघ उभा राहू शकला असता. म्हणून प्रत्येक निर्णयापुढे ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ लिहून झालं की शेवटी सगळे निर्णय एकत्र ठेवून पुन्हा वाचायचे. वर्तमानपत्रं एकेक बातमी देतात, त्यामुळे ही बेरीज चाहत्यालाच करावी लागते.

रेघ तुटलेली दिसली की पुढचा प्रश्न विचारा: तिच्यावरचं कोण उरलं? मुंबईकडे तिरी आणि मेहताब सिंग बचावात होते, योएल फान नीफ मधल्या फळीत. म्हणजे अगदीच ओसाड नव्हतं. पण तिरीही ३३ चा होता, आणि ज्यांच्या सवयी एकमेकांना ठाऊक आहेत अशा जोड्या मोडल्या होत्या. जोड्यांसाठी वेगळं पान ठेवा: दोन सेंटर बॅक (मधले बचावपटू), सेंटर बॅक आणि त्याच्या पुढचा मिडफिल्डर (मधल्या फळीतला), फुलबॅक (कडेचा बचावपटू) आणि त्याच बाजूचा विंगर. एका जोडीतला एक गेला तरी जोडी गेली असंच धरा.

सात आणि चारचं गणित

युरोपातल्या क्लबांसाठी लिहिलेली मोजमापं आयएसएलला जशीच्या तशी लावली की इथे फसतात. आपल्याकडे मैदानावर एका वेळी चारच परदेशी खेळाडू चालतात, सात भारतीय हवेतच. २०२४-२५ च्या २३,७६० मिनिटांपैकी परदेशी खेळाडूंना जास्तीत जास्त ८,६४० मिळू शकत होती. उरलेली १५,१२० भारतीयांनीच खेळायची. त्यामुळे चांगला भारतीय मिडफिल्डर गेला तर त्याची किंमत दुप्पट पडते. त्याच्या जागी परदेशी आणलात तर दुसरीकडची परदेशी जागा भारतीयाला द्यावी लागते, आणि तो भारतीयही तितकाच तयार असावा लागतो.

त्या उन्हाळ्यानंतर मुंबईकडे तिरी, थाएर क्रूमा, फान नीफ, जेरेमी मांझोरो, जॉन तोराल आणि निकोस कारेलिस असे सहा परदेशी होते. चारच उतरवायचे. समजा, कारेलिस पुढे आणि तिरी मागे पक्के धरले. आपुइयाची उणीव भरायला मधल्या फळीत दोन परदेशी घेतले की चार झाले. मग क्रूमा बाकावर, आणि भेकेची जागा भारतीयाने भरायची. अशा तीन-चार मांडण्या हाताने लिहून पाहा. ज्या जागेवर प्रत्येक मांडणीत नाव लिहिताना हात अडखळतो, ती क्लबने न भरलेली जागा.

या गणितात क्लबने एक गोष्ट चांगली केली होती, तीही नोंदवायला हवी. नोगुएरा परदेशी होता. त्याच्यासारखं काम करू शकणारा ब्रँडन फर्नांडिस हा गोव्याचा मुलगा त्यांनी एफसी गोवाकडून आणला. कल्पक मिडफिल्डरच्या जागी भारतीय खेळाडू मिळाला की एक परदेशी जागा मोकळी होते. कागदावर हा त्या उन्हाळ्यातला सगळ्यात हुशार निर्णय होता.

नवा खेळाडू पाहायचा कसा

तीन मिनिटांच्या गोलफितीवर मत बनवू नका. तिच्यात चेंडू पायात नसतानाचा खेळाडू दिसत नाही, आणि नव्वदपैकी ऐंशीहून जास्त मिनिटं चेंडू त्याच्या पायात नसतोच. दोन पूर्ण सामने शोधा: एक घरच्या मैदानावर जिंकलेला, एक बाहेर हरलेला. दुसरा जास्त शिकवतो. आघाडीपटू असेल तर चेंडू हरवल्यावरचे पहिले पाच सेकंद पाहा, तो धावतो की हात उडवतो. मिडफिल्डर असेल तर चेंडू येण्याआधी किती वेळा मान वळवतो ते मोजा. सेंटर बॅकसाठी कॉर्नर पाहा: जवळच्या खांबापाशी कोण उभा राहतो आणि पहिली उडी कोणाची.

आघाडीपटू बदलताना चाहते गोलांची संख्या जुळवतात आणि तिथेच चुकतात. कारेलिसने पहिल्याच हंगामात साखळीत १० गोल केले, म्हणजे गोल करणारा माणूस मिळाला होता. तरी संघाचे गोल २२ सामन्यांत ४२ वरून २४ सामन्यांत २९ वर आले, सामन्यामागे १.९१ वरून १.२१. खाल्लेले गोल १९ वरून २८ झाले. डियाझची ओळख गोलांइतकीच बचावपटूंच्या अंगावर धावून जाण्याची होती. ते काम थांबलं की मागच्यांवरचा ताण वाढतो, आणि हा ताण गोलांच्या यादीत कुठेच दिसत नाही. म्हणून वहीत प्रत्येक गेलेल्या खेळाडूपुढे त्याची तीन कामं लिहा आणि तिन्हींसाठी नवीन नावं शोधा. एकाच माणसाने तिन्ही करावीत असा आग्रह नको, पण एकही काम बेवारस राहता कामा नये.

प्रशिक्षकाचाही एक रकाना ठेवा. डेस बकिंगहॅम नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑक्सफर्ड युनायटेडला गेले आणि डिसेंबरमध्ये पेटर क्रातकी आले. करंडक त्यांनी जिंकला तो बव्हंशी आधीच्या बांधणीतल्या संघाला घेऊन. २०२४ चा उन्हाळा हा त्यांचा मुंबईतला पहिला पूर्ण उन्हाळा होता. नवा प्रशिक्षक आणि तुटलेली मधली रेघ एकत्र आली की वहीतल्या ठोकताळ्यात आणखी दोन महिने वाढवा.

बातम्यांची चाळणी अगदी साधी ठेवा. क्लबने जाहीर केलं ते पेनाने, बाकी सगळं पेन्सिलने. ‘अनेक वर्षांचा करार’ असं मोघम लिहिलं असेल तर कराराच्या रकान्यात प्रश्नचिन्ह. खेळाडू स्वतःहून गेला की क्लबने सोडला, हे बाहेरून क्वचितच कळतं, त्यावर भांडण्यात वेळ घालवू नका.

पहिले आठ सामने

निकालांवरून लगेच मत बदलू नका. मुंबईने २०२४-२५ ची सुरुवात १३ सप्टेंबरला मोहन बागानच्या घरी ०-२ वरून २-२ अशी बरोबरी साधून केली. त्या रात्री सगळं ठीक वाटलं असतं. पाहायच्या गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या टीव्हीपेक्षा स्टेडियममध्ये नीट दिसतात. अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनात शक्यतो वरची रांग घ्या.

पहिलं, समोरच्या गोलकिकच्या वेळी आपला शेवटचा बचावपटू आणि आघाडीपटू यांच्यातलं अंतर. मोजपट्टी मैदानावरच आखलेली असते: मधल्या वर्तुळाचा व्यास १८.३ मीटर. दोन वर्तुळांच्या आत, म्हणजे साधारण ३५ मीटरमध्ये संघ बसत असेल तर तो एकत्र दाबतोय. तीन वर्तुळं मावत असतील तर पुढचे धावतायत आणि मागचे घाबरून मागे सरकतायत. नव्या संघाचा हा सगळ्यात पहिला दिसणारा आजार आहे. दुसरं, सेंटर बॅककडे चेंडू आला की त्याच्या पुढच्या मिडफिल्डरला किती वेळा पास जातो आणि किती वेळा सरळ लांब फटका मारला जातो. सामन्याच्या एका अर्ध्यात दहा प्रसंगांची नोंद करा. सहाहून जास्त फटके लांब असतील तर आपुइयाची जागा अजून रिकामी आहे असं समजा, तिथे कोणीही उभा असला तरी. तिसरं, साठाव्या मिनिटानंतर बाकावरून कोण येतं आणि त्यामुळे सात-चारच्या गणितात काय बदलतं.

बरोबऱ्यांवर विशेष लक्ष ठेवा. मुंबईच्या आदल्या हंगामात ५ बरोबऱ्या होत्या, या हंगामात ९. पराभव ३ चे ६ झाले, विजय १४ चे ९. संघ कोसळला नव्हता, सामना संपवणारा शेवटचा पास आणि शेवटची धाव कमी पडत होती. ४७ गुणांचे ३६ झाले ते अशा सामन्यांमधून. आणि १२ एप्रिल २०२५ ला करंडकासाठी उतरले मोहन बागान आणि बेंगळुरू, ज्या दोन क्लबांनी मुंबईची मधली रेघ वाटून घेतली होती.

डिसेंबरचं पान

फिफाच्या नियमानुसार कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करू शकतो. भारतात बरेच करार मेअखेरीस संपतात, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यातलं जाणं-येणं डिसेंबरातच ठरायला लागतं. क्लबवर टीका करायची तर ती तेव्हा करावी, जूनमध्ये ओरडून काही हाती लागत नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वही पुन्हा उघडा. ज्या भारतीय खेळाडूपुढे वय २६ च्या आत आणि साखळीतल्या शक्य मिनिटांपैकी दोन तृतीयांशाहून जास्त मिनिटं दिसतील, त्याच्या नावाभोवती लाल वर्तुळ काढा. त्याचा करार मेअखेर संपत असेल तर दोन वर्तुळं. मग मैदानाचा कागद काढा आणि मधल्या रेघेवर अशी किती वर्तुळं पडलीत ते मोजा. दोनपेक्षा जास्त असतील, तर पुढच्या हंगामासाठी क्लबला विचारायचा पहिला प्रश्न नव्या स्ट्रायकरबद्दल नसावा. या नावांचे करार वाढवले का, हे विचारा.