म्हातारं मांजर वाळतंय, गोळे ओकतंय, खाण्याला नाक मुरडतंय? या चुका टाळा

दहा-अकरा वर्षांपुढच्या मांजरांबद्दल तीन तक्रारी हमखास ऐकू येतात: वजन उतरतंय, केसांचे गोळे पडतायत, खाण्यात नखरे वाढलेत. मग वजनासाठी टॉनिक, गोळ्यांसाठी पेस्ट आणि नखऱ्यांसाठी रोज नवा डबा सुरू होतो. पण तिन्हींचं मूळ पुष्कळदा एकच असतं, आणि नेमकं तेच शोधायचं राहून जातं.

"वय झालं, आता वाळणारच"

सगळ्यात जास्त नुकसान ही समजूत करते. वयाबरोबर स्नायू थोडे झडतात, अन्नातली चरबी आणि प्रथिनं पूर्वीइतकी अंगी लागत नाहीत, हे खरं. पण मांजर बघताक्षणी वाळलेलं जाणवत असेल, तर आत आजार आहे असंच धरून चाला.

भरपूर खाऊनही वाळतंय, अस्वस्थ आहे, रात्री मोठ्याने ओरडतंय, तर थायरॉइड वाढल्याची (ही ग्रंथी जादा काम करत असल्याची) शंका आधी घ्यायची. सारखं पाणी पितंय आणि लिटरमधले (शी-शूच्या मातीतले) लघवीचे गठ्ठे पूर्वीपेक्षा मोठे निघतायत, तर मूत्रपिंड किंवा मधुमेह. डॉक्टरांकडे रक्ताची तपासणी (थायरॉइडसाठी टी-फोर, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि मधुमेहासाठी साखर त्यात हवीच), लघवीची तपासणी आणि रक्तदाब हे एकत्रच करून घ्या. थायरॉइड वाढलेलं असताना मूत्रपिंडाकडे रक्त जोरात जातं आणि स्नायूही झडलेले असतात, त्यामुळे क्रिएटिनिन खोटंच चांगलं दिसू शकतं. म्हणून थायरॉइडचं औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी मूत्रपिंडाची तपासणी पुन्हा करावीच लागते. ही दुसरी फेरी बरेच जण चुकवतात.

वजन डोळ्यांनी मोजणं

४ किलोच्या मांजराचे २०० ग्रॅम कमी झाले तर ते ५ टक्के झाले. ६० किलोच्या माणसाने ३ किलो गमावल्यासारखंच. दाट केसांखाली हे दिसत नाही. माणसांच्या वजनकाट्यावर मांजर कडेवर घेऊन उभं राहिलात, तर एवढा फरक काट्याच्या चुकीतच हरवतो. बाळांचा वजनकाटा किंवा ५ ते १० किलो पेलणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. त्यावर खोका ठेवून काटा शून्यावर आणा, मग मांजर आत बसवा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, खाण्याआधी. आकडा लिहून ठेवा. महिन्याभरात ५ टक्के उतरलं तर डॉक्टरांची वेळ घ्या. १० टक्के उतरलं असेल तर तेवढंही थांबू नका.

हातालाही सवय लावा. पाठीच्या कण्यावरून आणि खांद्याच्या हाडांवरून बोटं फिरवा. मूठ वळल्यावर बोटांची हाडं जशी वर येतात तसे मणके टोचत असतील, तर स्नायू गेलेत. खाली पोट लोंबतंय म्हणून मांजर जाड आहे असं समजू नका. पोट सुटलेलं आणि पाठ खंगलेली, हे म्हाताऱ्या मांजरात नेहमी दिसतं.

प्रत्येक उबळीला हेअरबॉल (केसांचा गोळा) म्हणणं

मांजर जमिनीलगत दबून बसलंय, मान पुढे ताणलीय, घशातून घरघर येतेय आणि शेवटी काहीच बाहेर पडत नाही, तर तो बहुतेक खोकला आहे. त्याचं कारण दम्यासारखा श्वसनाचा विकार असू शकतो. उलटीत पोट आतून उचंबळताना दिसतं. त्यानंतर काय पडलं ते नीट पाहा: केसांची लांबट, सुरळीसारखी गुंडाळी, नुसता फेस की न पचलेलं खाणं?

खरा गोळा कधीमधी पडला तर काळजी नाही. महिन्यात दोन-तीनदा पडायला लागला, किंवा जे मांजर कधी ओकत नव्हतं ते आता ओकू लागलं, तर दोष बहुधा नुसता केसांचा नसतो. केस तर ते आयुष्यभर गिळतंय. जिभेवरचे काटे मागे वळलेले असतात, त्यामुळे चाटलेला केस पोटातच जातो. आतडं निरोगी असलं की ते केस विष्ठेतून बाहेर पडतात. आतड्याला सूज असली, ते मंदावलं किंवा तिथे लिंफोमा (एक प्रकारचा कर्करोग) असला, की केस मागे अडकून राहतात. उलट्या आणि वजन उतरणं बरोबरीने चालू असेल तर पोटाची सोनोग्राफी आणि रक्तातलं बी-बारा तपासून घ्या. दुसरी शक्यता अशी, की खाज किंवा दुखण्यामुळे मांजर एकच जागा सारखी चाटतंय. पोटावर किंवा मांडीच्या आत केस विरळ झालेत का बघा.

केसांच्या गोळ्यांवरची पेस्ट देताना होणाऱ्या चुका थोडक्यात. जेवणात मिसळू नका, दोन जेवणांच्या मधे द्या. त्यातलं पेट्रोलियम जेली काही जीवनसत्त्वं शोषू देत नाही. पॅराफिनसारखं पातळ तेल तोंडात कधीच ओतू नका. ते नकळत फुफ्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. इसबगोल द्यायचं तर डॉक्टरांना विचारून, चिमूटभरापासून, ओल्या खाण्यात जादा पाणी घालून. कोरडं दिलं तर बद्धकोष्ठ वाढतो.

सगळ्यात खात्रीचा उपाय कंगव्याचा, आणि म्हातारपणी तोच मागे पडतो. सांधे दुखत असल्याने मांजराला कमरेपर्यंत वळता येत नाही, तिथे केसांच्या जटा होतात. रोज पाच मिनिटं, केसांच्या दिशेने, हलक्या हाताने विंचरा. जट कात्रीने कापू नका. म्हाताऱ्या मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, जटेबरोबर ती वर ओढली जाते आणि कापली जाते. मशिनने काढून घ्या.

सारखी उबळ येतेय, बाहेर काही पडत नाही, खाणं बंद आणि शीही नाही: त्याच दिवशी दवाखाना गाठा.

"भूक लागली की खाईल"

मांजराच्या बाबतीत हा हिशेब चालत नाही. दोन-तीन दिवसांच्या उपासाने अंगातली चरबी यकृतात साचू लागते आणि यकृतच निकामी होत जातं. आधी लठ्ठ असलेल्या मांजराला हा धोका जास्त. २४ तास काहीच खाल्लं नाही तर फोन करा.

खाणं समोर ठेवून दहा मिनिटं नुसतं बघत बसा. भांड्याकडे धावतं, पण डोकं एका बाजूला कलवून चावतं, दाणा तोंडातून पडतो, लाळ गळते, मग मागे सरतं: तोंड दुखतंय. वास घेतं, ओठ चाटतं, आवंढा गिळतं आणि तोंड फिरवतं: मळमळतंय. जुन्या खाण्याला नाही म्हणतं पण दुसरं आवडीने खातं, तेव्हाच तो नखरा. पहिल्या दोघांना नवा डबा काय कामाचा!

मळमळत असताना पाच प्रकार समोर मांडले की मांजर त्या पाचही वासांचा संबंध मळमळीशी जोडतं, आणि बरं झाल्यावरही ते खात नाही. औषध जेवणात लपवल्याने आणि सिरिंजने जबरदस्ती भरवल्यानेही हेच होतं. औषध वेगळ्या घासात द्या. मूत्रपिंडाच्या आजाराचं खास खाणंसुद्धा मळमळ आवरल्यावरच सुरू करा आणि दोन-तीन आठवड्यांत थोडं थोडं वाढवत न्या. ते अजिबात खातच नसेल, तर जे खातंय ते पोटात जाऊ द्या. उपास त्याहून वाईट.

ओलं खाणं ३७-३८ अंशांपर्यंत कोमट करा. वाटी गरम पाण्यात ठेवली तरी पुरे. मायक्रोवेव्ह वापरलात तर नीट ढवळून बोटाने तपासा, मधेच चटका बसणारे भाग राहतात. एका वेळी थोडंच, दिवसातून पाच-सहा वेळा. अर्ध्या तासाने उरलेलं उचला. पसरट ताटली ८-१० सेंटीमीटर उंचीवर ठेवा, लिटरपासून लांब. घरात दुसरं मांजर असेल तर दोघांना वेगळ्या खोलीत खायला द्या, नाहीतर कोण किती खातंय ते कळत नाही. ४ किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० किलोकॅलरी लागतात. पाकिटावरचा आकडा पाहा आणि वाटीने नाही, ग्रॅममध्ये मोजा.

चवीसाठी कांदा-लसूण घातलेलं सूप देऊ नका, त्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात. रोज कलेजी (यकृत) दिली तर अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होतो. कुत्र्याच्या खाण्यात मांजराला पुरेल इतकं टॉरिन (मांजराला खाण्यातूनच मिळावं लागणारं एक पोषकद्रव्य) असेलच असं नाही. दुधाने पुष्कळांना जुलाब होतात. प्रथिनं स्वतःच्या मनाने कमी करू नका, स्नायू आणखी झडतात. भूक वाढवणारं मिर्टाझापिन मिळतं, पण डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मात्रेतच. आणि दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल? एका गोळीनेही मांजर दगावू शकतं.

दवाखान्यात जाताना वजनाची वही, उबळीचा मोबाइलवरचा व्हिडिओ, ओकलेल्याचा फोटो आणि आठवड्यात काय किती ग्रॅम खाल्लं त्याची यादी बरोबर न्या. टेबलावर मांजर गप्प बसतं, तिथे ना खोकतं ना ओकतं.