आधी ड्रम भरा, मग बोअर मारा

एप्रिल संपत आला की एका सकाळी दोनशे लिटरचा रिकामा ड्रम, मोबाइल आणि वही घेऊन गावच्या बोअरवर जा. मोटर चालू झाल्या झाल्या मोजू नका. दोन तास चालू द्या. सुरुवातीला येतं ते रात्रभर बोअरमध्ये साठलेलं पाणी, त्याच्यावर भुलायचं नाही. दोन तासांनी जी धार उरते ती खरी. ड्रम भरायला किती सेकंद लागले ते वहीत लिहा. आमच्या थोरल्या बोअरला 80 लागले, म्हणजे सेकंदाला अडीच लिटर, तासाला 9,000. धाकट्याला 160, म्हणजे तासाला 4,500. थ्री फेज वीज मिळते सहा तास. दोन्ही मिळून दिवसाला 81,000 लिटर. ऑगस्टमध्ये मोजलं असतं तर आकडा छान आला असता आणि आम्ही गाढवासारखे खूश झालो असतो.

मी अथणी तालुक्याच्या पूर्व अंगाला, जतच्या हद्दीजवळच्या गावात राहते. बचत गटाची खजिनदार आहे, पाणी समितीतही आहे, आणि पाणीपट्टी गोळा करायला दारोदार मीच फिरते. पोरं मला 'पट्टीवाली आक्का' म्हणतात. बेळगाव जिल्हा म्हटलं की बाहेरच्यांना पाऊस आठवतो. तो खानापूरकडं पडतो, कणकुंबीला, जिथं मलप्रभा उगवते. आमच्याकडं वर्षाला सहाशे मिलिमीटरही पडला तर लोक देवाला नारळ फोडतात. कृष्णा आमच्याच तालुक्यातून जाते खरी, पण 2019 च्या मे महिन्यात तिचं पात्र कोरडं पडलं होतं, महाराष्ट्रानं वरून पाणी सोडावं म्हणून विनवण्या चालल्या होत्या, आणि ऑगस्टमध्ये त्याच कृष्णेनं काठची गावं बुडवली. त्यामुळं बहुग्राम योजनेतून नदीचं पाणी येणार असलं तरी गावचा बोअर मोडीत काढू नका.

आता गरज मोजायची. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज 55 लिटर. आमची 230 घरं, घरी पाच माणसं धरली तर 1,150 माणसं, म्हणजे 63,250 लिटर. इथं सगळ्या समित्या एक गोष्ट विसरतात, आम्हीही विसरलो होतो: म्हैस. त्या 55 लिटरमध्ये जनावरं नाहीत. एका म्हशीला दिवसाला पन्नास लिटर तरी लागतं, आणि आमच्याकडं लहान-मोठी तीनशे जनावरं. झाले आणखी 15,000. एकूण 78,250. म्हणजे कागदावर पाणी पुरत होतं, तरी वरच्या गल्लीत बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या.

तिथं समितीत पहिला शब्द निघाला तो नव्या बोअरचा. पाणी बघणारा बोलावला, त्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला, टाळ्या पडल्या. सहाशे फूट गेलो आणि नुसता करडा धुरळा. आपल्याकडचा काळा पाषाण असा आहे की पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत असतं. खाली जाईल तसं ते वाढतंच असं नाही. गाडीवाल्यानं फुटाप्रमाणे पैसे घेतले, त्याला धुरळा काय नि पाणी काय. ते पैसे तीन वर्षांच्या पट्टीतून साठवलेले होते. मी तेव्हा समितीत होते आणि हात मीही वर केला होता, म्हणून सांगायचा अधिकार आहे: बोअर सगळ्यात शेवटी. मारायचाच तर भूजल खात्याच्या भूवैज्ञानिकाकडून जागा ठरवून घ्या.

त्याआधी गळती. आमची टाकी चौकोनी, आतून चार मीटर बाय चार मीटर, म्हणजे पाणी एक सेंटिमीटर उतरलं की 160 लिटर गेलं. रविवारी सकाळी दवंडी दिली की एक तास कुणीही नळ सोडायचा नाही. नीरगंटी मामांनी, म्हणजे गावात पाणी सोडणाऱ्या माणसानं, वॉल्व्ह उघडला, मी वर चढून खुणा केलेली काठी धरून बसले. तासात 11 सेंटिमीटर. पावणेदोन हजार लिटर एका तासात जमिनीनं पिलं! रोज सहा तास पाणी सोडतो, म्हणजे दहा हजारांवर. मग गल्लीगल्लीचा वॉल्व्ह एकेक करून बंद करत गेलो. निम्मी गळती एकाच ठिकाणी निघाली, मारुतीच्या देवळामागं, जिथं बारा महिने अळू उगवायचं आणि सगळे म्हणायचे, देवाची कृपा. गोल टाकी असेल तर त्रिज्या गुणिले त्रिज्या गुणिले 3.14, मग हाच हिशेब.

उरलेलं पाणी नळांतून जातं. तोटी नसलेले नळ मोजा. आम्ही गटाच्या पैशातून तोट्या आणून फुकट बसवल्या, ते पट्टीच्या भांडणापेक्षा स्वस्त पडलं. थेट नळाला मोटर लावणाऱ्यांवर उपाय अवघड आहे. खालच्या गल्लीत दोन मोटारी लागल्या की वरच्या गल्लीत नळ नुसता फुसफुसतो. दंडाचा ठराव आम्ही केला, पण भावकीतल्या माणसाला दंड करायला कोण जाणार? शेवटी वरच्या गल्लीला आधी आणि पहाटे पाणी सोडायला लागलो. तेवढ्यानं बरंच भागलं.

बोअर राखणं हाही हिशेबातलाच भाग. कर्नाटकात 1999 चा कायदा आहे: सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवीन विहीर, बोअर खोदता येत नाही. आमच्या थोरल्या बोअरपासून दोन शेतं सोडून उसासाठी बोअर मारायची गाडी उभी राहिली तेव्हा मी हा कायदा छापून घेऊन गेले. मालक माझ्या दिराचे व्याही. चहा झाला, "वहिनी, आमचा ऊस वाळू दे म्हणताय व्हय?" झालं, पण गाडी परत गेली. पुढं दोन वर्षं त्यांनी आमच्या घरच्या कार्याला पाऊल ठेवलं नाही.

आता पैसा. आधी महिन्याचा खर्च लिहून काढा, आणि पंचायत भरते तो खर्चही धरा. तोही आपलाच आहे. आमची थोरली मोटर पाच एचपीची, तासाला साधारण साडेचार युनिट, सहा तास, तीस दिवस: 810 युनिट. सात रुपयांनी धरलं तर 5,700 च्या आसपास. दर तुमच्या हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, बिलावरून घ्या. धाकट्या मोटारीचे 2,800 धरा. नीरगंटीच्या पगारातला आमच्या वस्तीचा वाटा, समजा, 9,000. ब्लीचिंग, वॉल्व्ह, खोदाई, जोडकाम 2,500. मग एक असा खर्च जो कुणी धरत नाही: मोटर जळणार आहे. मोटर, केबल, स्टार्टर मिळून 90,000 लागतील आणि पाच वर्षं टिकेल असं धरा, तर महिन्याला 1,500 आजच बाजूला पडले पाहिजेत. वसुली करणाऱ्या गटाला 1,500. बेरीज 23,000. 230 घरं, घरटी 100 रुपये.

हा आकडा ग्रामसभेत एकदम सांगू नका. मी सांगितला आणि लोक उठून गेले. दुसऱ्या वेळी हेस्कॉमचं बिल, जळलेल्या मोटारीच्या रिवाइंडिंगची पावती आणि मागच्या मे महिन्यातल्या टँकरच्या पावत्या मोठ्या अक्षरात फळ्यावर लिहिल्या आणि खाली बसले. आकडा लोकांनीच काढला. एक म्हातारी म्हणाली, "टँकरवाल्याला द्यायला हात वर जातो, आक्काला द्यायला का न्हाई?" ठराव झाला.

ठराव कन्नडमध्ये लिहिला जातो, पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, तसाच लागतो. पण सभेत तो मराठीतून वाचून दाखवा आणि मराठी प्रत फळ्यावर लावा. आपल्या भागात निम्मी भांडणं लोक आडमुठे म्हणून होत नाहीत, कागद वाचता येत नाही म्हणून होतात.

वसुलीचा नियम एकच: महिन्याच्या महिन्याला. वर्षाची 1,200 रुपये पट्टी एकदम मागितली की माणूस दार लावतो. दुधाचं बिल दहा दिवसांनी होतं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाते. ज्यांचं पोट उसावर आहे त्यांच्याकडून कारखान्याचं बिल आल्यावर सहा महिन्यांची घेते. पावती जागेवर. दहातल्या सात घरांनीच दिले तर 16,100 जमतात आणि महिन्याला 6,900 ची भोकं पडतात. ती मोटारीच्या गंगाजळीतून बुजवली की मोटर जळेल त्या दिवशी पेटी रिकामी. म्हणून ती रक्कम वेगळ्या खात्यात, दोन सह्यांवर ठेवा. त्यातली एक सही समितीतल्या बाईची असू द्या. समितीत निम्म्या बायका हव्यात हा नियमच आहे, पण सही नसेल तर त्या नुसत्या फोटोत असतात. विधवा आणि म्हातारी एकटी माणसं यांना आम्ही निम्मी पट्टी लावली. कुणाला लावली हे मात्र फळ्यावर लिहिलं नाही.

मीटरचा विचार करत असाल तर बेळगाव शहरातल्या दहा वॉर्डांकडं बघा. 2008 पासून तिथं चोवीस तास पाणी मीटरवर सुरू झालं. गावात आधी प्रत्येक बोअरच्या तोंडाशी मोठा मीटर बसवा, घरोघरचे नंतर. पाच माणसांच्या घराला 55 लिटरनं महिन्याला साधारण आठ हजार लिटर लागतं. तेवढ्यापर्यंत 100 रुपयेच आणि पुढं चढता दर लावला तर परसात नारळ-केळी लावणाऱ्याला आपोआप कळतं.

नवीन कामाला सरकारी पैसा मिळतो, पण प्रत्येक पैशाला दावं असतं. जलजीवनमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या 'मनेमनेगे गंगे'मध्ये, केंद्र आणि राज्याचा वाटा निम्मा-निम्मा, आणि गावातल्या कामाच्या खर्चाचा दहावा हिस्सा लोकवर्गणी, जी श्रमातूनही देता येते. पंधराव्या वित्त आयोगानं 2021 ते 2026 साठी पंचायतीच्या अनुदानाचे 30 टक्के पाण्यासाठीच बांधून दिले होते. असा बांधलेला पैसा कुठं गेला हे ग्रामसभेत विचारा, बहुतेकांना तो आहे हेच ठाऊक नसतं. बोअरच्या वरच्या अंगाला नालाबांध आणि गाळ काढणं आमच्याकडं उद्योग खात्रीच्या, म्हणजे रोजगार हमीच्या, कामातून झालं. साखर कारखान्याकडं जाणार असाल तर तो कंपनी आहे की सहकारी ते आधी बघा. नफ्याच्या दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचं बंधन मोठ्या कंपन्यांना आहे, सहकारी संस्थेकडं चेअरमनच्या मर्जीवर जावं लागतं. यातला कुठलाही पैसा वीजबिल भरायला येत नाही. टाकी सरकार बांधून देईल, ती रोज भरायची आपण आहोत.

खरी परीक्षा फाट्यावरच्या प्लॉटांनी घेतली. मळ्यात राहणारी माणसं पोरांच्या शाळेसाठी फाट्याजवळ यायला लागली, दोघांनी शेत मोडून 60 प्लॉट पाडले आणि पाटी लावली: रस्ते, लाइट, मुबलक पाणी. पाणी कुणाचं? आमचं! 60 घरं गुणिले पाच गुणिले 55, म्हणजे 16,500 लिटर. एकूण गरज 94,750, आणि आमच्याकडं 81,000. गळती पूर्ण थांबवली तरी 13,750 कमी.

अशा वेळी जुन्या गावानं नव्या लोकांना पाणी नाकारू नये, आणि त्यांच्या पाण्याचा खर्च जुन्यांच्या पट्टीवरही टाकू नये. आम्ही जिल्हा पंचायतीच्या इंजिनिअरकडून फाट्याकडची लाइन, छोटी टाकी आणि जुनी विहीर उपसून बांधून घेण्याचा अंदाज काढला. समजा तो सहा लाख, तर 60 नी भागून प्लॉटमागं 10,000. ती रक्कम एकदाच, नळजोडणीची अनामत म्हणून, महिन्याची पट्टी वेगळी. जुन्या घरांना ती नाही. ठराव प्लॉट विकले जायच्या आधी करा. आम्हाला उशीर झाला. अर्धे प्लॉट विकून झाले होते, आणि विकणारे म्हणाले, आता घेणाऱ्यांना विचारा. पंचायतीतून ई-स्वत्तूचा, म्हणजे घर-प्लॉटच्या ऑनलाइन नोंदीचा, उतारा घ्यायला माणूस येतो तेव्हा हा ठराव त्याच्या हातात पडेल एवढी व्यवस्था पीडीओंना सांगून करून घ्या.

पाण्याची गुणवत्ता थोडक्यात. ताजी ब्लीचिंग पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम, बादलीत कालवून वरचं निवळ पाणी टाकीत, अर्ध्या तासानं सोडायचं. तपासायचं शेवटच्या घरच्या नळाला, लिटरला 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन तिथं उरलं पाहिजे. फ्लोराइड लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर किंवा नायट्रेट 45 च्या वर असेल तर उकळून काही होत नाही, प्यायचं पाणी वेगळं करावं लागतं.

फाट्यावरच्या 60 पैकी 41 जणांनी अनामत भरली आहे. विहिरीचं काम तेवढ्यावर सुरू केलंय, लाइन थांबलीय. धाकट्या बोअरला यंदाच्या एप्रिलात ड्रम भरायला 170 सेकंद लागले, गेल्या वर्षीपेक्षा दहा जास्त. तो कागद मी उरलेल्या 19 घरी घेऊन जाणार आहे, दुधाचं बिल झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी.