भुशाचा त्रास की फुलोऱ्याचा? शिंका-खोकल्याचं मूळ असं शोधा

माझे मामा परभणीला सुतारकाम करतात. एका बंगल्याच्या कामाला परदेशातून आलेलं रेड सीडर नावाचं लाकूड होतं. दिवसभर करवत चालवताना मामांना काही होत नसे, खोकला सुटायचा तो रात्री दहानंतर. आम्ही थंडीला दोष दिला, दह्याला दिला. लाकडावर कुणाचाच संशय गेला नाही. या लाकडाचा त्रास बऱ्याचदा काम संपल्यावर काही तासांनी सुरू होतो, आणि महिनोन्‌महिने ते हाताळल्यावरही पहिल्यांदा उपटू शकतो. म्हणून गोळी घेण्याआधी मूळ शोधा.

आधी वही करा. पंधरा दिवस रोज लिहा: त्रास किती वाजता झाला, कोणतं लाकूड कापलं, कोणत्या रानात गेलात. सुट्टीच्या दिवसाची नोंद मुळीच चुकवू नका. चार दिवस गावाला गेल्यावर छाती मोकळी झाली आणि कामावर परतताच पुन्हा भरली, तर बोट भुशाकडे जातं. लाकडाजवळ न जाताही ठरावीक महिन्यांत शिंका येतात, डोळे चुरचुरतात, तर परागकणांचा संशय घ्या.

मग लाकडाचं नेमकं नाव विचारा. सीडर या नावाखाली बरीच वेगवेगळी झाडं येतात. उत्तर अमेरिकेच्या वेस्टर्न रेड सीडरमधलं प्लिकॅटिक ॲसिड दमा उठवतं. आपला देवदार हिमालयातला, वेगळ्याच कुळातला. मोबाइलवर शोधलं की टेक्सासचा डिसेंबर ते फेब्रुवारीतला ‘सीडर फीवर’, म्हणजे परागांची ॲलर्जी, पुढे येतो, पण ते झाड मुळात ज्युनिपर आहे. जपानमध्ये वसंतात लोकांना हैराण करतं ते ‘सुगी’ नावाचं झाड. या झाडांचे पराग आपल्याकडे येत नाहीत. मराठवाड्यात शोध घ्यायचा तो गाजरगवत, वेडी बाभूळ, वावळा आणि फुलोऱ्यात आलेल्या ज्वारी-बाजरीचा.

भुसा उडूच देऊ नका. इथंच सगळ्यात जास्त हयगय होते. दुकान झाडूनं झाडू नका, कंप्रेसरच्या हवेनं अंग झटकू नका. त्यानं बारीक भुसा तासन्‌तास हवेत राहतो. ओल्या फडक्यानं पुसा किंवा व्हॅक्यूम लावा. करवत आणि पॉलिश पेपरचं काम शक्यतो अंगणात, वारा पाठीवर घेऊन करा. तोंडाला बांधलेला रुमाल पुरत नाही, नाकावर नीट बसणारा एन-95 मास्क वापरा. कामाचे कपडे घरात आणू नका, लेकरांच्या कपड्यांत तर धुऊच नका. सागाच्या भुशानंही अंगाला खाज सुटते. आणि लाकडाचा भुसा, झाड कोणतंही असो, नाकाच्या कर्करोगाला कारण ठरू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 1995 मध्येच तसं नोंदवलं आहे.

गाजरगवत फुलायच्या आधी काढा. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. पापण्या, मान, कोपराची घडी इथं आधीच चट्टे असतील, तर हे काम दुसऱ्यावर सोपवा.

वही घेऊन दवाखान्यात जा. अंबाजोगाई, लातूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरची घाटी इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचारोग आणि छातीच्या विकारांचे डॉक्टर भेटतात. त्वचेवर टोचून करायच्या चाचणीआधी ॲलर्जीची गोळी काही दिवस बंद ठेवावी लागते, त्यांना विचारूनच थांबवा. काही गोळ्यांनी झोप येते, त्या घेऊन ट्रॅक्टर किंवा करवत चालवू नका. दम इतका लागला की वाक्य पुरं होत नाही, किंवा ओठ निळसर झाले, तर वहीचा विचार सोडा आणि लगेच 108 ला फोन लावा.

रेड सीडरचा दमा निघाला, तर ते लाकूड सोडायला उशीर करू नका. काम सोडल्यावरही बऱ्याच जणांचा दमा जात नाही. लवकर सोडलं तर सुटका होण्याची शक्यता वाढते. मामांनी ते काम अर्ध्यावर सोडलं, पैसेही बुडाले. आता ते लिंबाच्या सावलीत फक्त सागाचं काम करतात, मास्क लावून, आणि दम्याचा पंप खिशात असतोच.