उन्हाळी संशोधनाची तयारी दिवाळीआधी

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असाल तर मे महिन्याची तयारी दिवाळीआधी सुरू करा. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची फेलोशिप देतात आणि तिचे अर्ज साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास घेतले जातात. जानेवारीत सोलापूरची गड्डा यात्रा उरकून चौकशीला लागलात, तर तो अर्ज हातचा गेलेला असतो. शिफारसपत्रासाठी सरांना किंवा मॅडमना तीन आठवडे आधी भेटा. सोबत गुणपत्रिका आणि तुम्ही त्यांच्याकडे केलेल्या कामाच्या चार ओळी द्या, म्हणजे पत्रात ‘विद्यार्थी होतकरू आहे’ यापलीकडे काही लिहिता येईल.

फेलोशिपवरच विसंबू नका. पुण्यातल्या आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) किंवा एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) इथल्या प्राध्यापकांना आणि शास्त्रज्ञांना थेट ईमेल करता येतो. एकच मजकूर तीस जणांना एकदम पाठवला की तो न वाचताच पुसला जातो. प्रत्येकाला वेगळा ईमेल, दीडशे शब्दांच्या आत. पहिल्या दोन ओळींत त्यांच्या एका शोधनिबंधातलं तुम्हाला नेमकं काय समजलं आणि कुठे अडलं ते लिहा. मग तुम्हाला प्रत्यक्ष येणारी कामं: टायट्रेशन, मायक्रोस्कोपी, थोडं पायथन. शेवटी मोकळ्या तारखा. विद्यापीठाची परीक्षा कधी संपते ते पाहूनच द्या. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदाच आठवण करा.

बायोडेटात दाखवायला काम हवं, आणि ते सोलापुरातच करता येतं. डाळिंबाची साल इथे हवी तेवढी मिळते. रंग मिसळलेलं पाणी ही साल रंग शोषून किती स्वच्छ करते ते मोजा. साल धुऊन ओव्हनमध्ये ८० अंशांना कोरडी करा, दळा, चाळा. १०० मिलिग्रॅम मेथिलीन ब्लू हा निळा रंग १०० मिली पाण्यात विरघळवून साठ्याचं द्रावण करा. त्यातून लिटरला १ ते ५ मिलिग्रॅमची पाच द्रावणं बनवून कलरीमीटरवर (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र) ६६० नॅनोमीटरच्या आसपासच्या फिल्टरने वाचनं घ्या आणि रंगाचं प्रमाण विरुद्ध वाचन असा आलेख काढा. मग लिटरला १० मिलिग्रॅमच्या ५० मिली द्रावणात ०.१ ग्रॅम भुकटी टाकून हलवत राहा आणि दर दहा मिनिटांनी थोडा नमुना काढून मोजा. आलेखाबाहेरचं वाचन आलं तर नमुना पातळ करून पुन्हा घ्या.

इथे दोन गोष्टी हमखास फसवतात. फिल्टर पेपर स्वतःच हा रंग शोषतो आणि श्रेय भुकटीला मिळतं, म्हणून भुकटी वेगळी करायला गाळण्याऐवजी सेंट्रीफ्यूज (नमुना वेगाने फिरवून गाळ तळाशी बसवणारं यंत्र) वापरा. सालीचा तपकिरी रंगही पाण्यात उतरतो. नुसती भुकटी आणि पाणी असा ब्लँक लावल्याशिवाय आकड्यांवर विश्वास ठेवू नका. प्रत्येक वाचन तीनदा घ्या आणि फसलेले प्रयोगही तारखेसह वहीत लिहा. मुलाखतीत खरे प्रश्न त्यांच्यावरच येतात.

पुढे एम.एस्सी.साठी आयआयटीत जायचं असेल तर ‘जॅम’ परीक्षा फेब्रुवारीत असते आणि तिचा अर्ज आदल्या वर्षीच भरावा लागतो. त्यामुळे मे-जूनमध्ये प्रयोगशाळेतून परतल्यावर संध्याकाळचे दोन तास जुन्या प्रश्नपत्रिकांना द्या. आधी स्वतःच्या विषयातले कच्चे भाग घ्या; अख्खा अभ्यासक्रम पहिल्या पानापासून वाचायला बसलात तर निम्म्यातच जुलै उजाडतो.