कमी खर्चात एव्ही रिसीव्हर कसा निवडावा

एव्ही रिसीव्हर म्हणजे टीव्ही, प्लेअर वगैरेंचा आवाज घेऊन तो ताकदीने स्पीकरना पुरवणारं यंत्र. तो घ्यायला बाहेर पडण्याआधी टीव्ही भिंतीपासून थोडा पुढे ओढा आणि मागची सॉकेटं नीट बघा. एचडीएमआयच्या एखाद्या सॉकेटपाशी ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ असं लिहिलेलं असेल, तर टीव्हीचा आवाज त्याच वायरीने रिसीव्हरकडे येतो. दोन्हीकडे सीईसी (एचडीएमआयच्या वायरीतून एका यंत्राने दुसऱ्याला हुकूम देण्याची सोय) चालू केलं की बहुतेक वेळा टीव्हीच्या रिमोटनेच आवाज कमी-जास्त करता येतो. घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर ही सोय फार मोलाची आहे.

ईएआरसी ही एआरसीची सुधारित आवृत्ती, पण तिच्यासाठी जादा पैसे मोजायची गरज बहुतेकांना नसते. ओटीटीवरच्या सिनेमांचा डॉल्बी डिजिटल प्लस (अनेक स्पीकरसाठीच्या आवाजाचा एक फॉरमॅट) आवाज साध्या एआरसीतूनही जातो. ब्लू-रे प्लेअर असेल तर तो थेट रिसीव्हरलाच जोडावा, म्हणजे तिथेही ईएआरसी लागत नाही. टीव्ही जुना असून फक्त ऑप्टिकल (प्रकाशातून आवाज नेणाऱ्या वायरीचं) सॉकेट असेल, तरी स्टिरिओ आणि नेहमीचा डॉल्बी डिजिटल ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर) मिळतो. डॉल्बी डिजिटल प्लस मात्र ऑप्टिकलमधून जात नाही.

आता स्पीकर किती हवेत ते ठरवा. दहा बाय बाराच्या खोलीत पाच छोटे, स्वस्त स्पीकर लावण्यापेक्षा दोन चांगले बुकशेल्फ (फळीवर मावणारे) स्पीकर लावावेत, असं माझं ठाम मत आहे. आपण ऐकतो त्यातलं बहुतेक संगीत स्टिरिओ असतं आणि जुनी गाणी तर मोनोच. रिसीव्हर मात्र ५.१ चा घेतला तरी चालतो. मधला स्पीकर आणि सबवूफर पुढे सवडीने जोडता येतात. बजेटचा मोठा वाटा स्पीकरवर घालवा. सॉकेटं आणि फॉरमॅट बदलत राहतात, चांगला स्पीकर पंधरा-वीस वर्षं सहज साथ देतो.

सगळ्यात जास्त फसगत होते ती वॅटच्या आकड्यात. यामाहाच्या आरएक्स-व्ही३८५ चंच उदाहरण घ्या. याच एका यंत्राची ताकद माहितीपत्रकात ७० वॅटही आहे आणि १३५ वॅटही. ७० चा आकडा दोन चॅनेल (दोन स्पीकरचे आवाज) एकदम चालवून, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झच्या पूर्ण पट्ट्यात, ०.०९ टक्के विकृती (मूळ आवाजात होणारा बिघाड) धरून मोजलेला आहे. १३५ चा आकडा एकच चॅनेल, एकच सूर आणि तब्बल १० टक्के विकृती धरून आलेला. कंपनीने दोन्ही अटी छापल्या आहेत, पण त्या वाचतो कोण? दोन रिसीव्हरची तुलना करताना ‘दोन चॅनेल, २० ते २० हजार हर्ट्झ’ असं लिहिलेलाच आकडा धरा आणि तो किती ओहमवर (स्पीकरच्या विद्युतरोधाचं माप) मोजलाय तेही बघा.

त्याहूनही महत्त्वाची स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक ताकदीवर तो किती मोठ्याने वाजतो याचं माप. ती ३ डेसिबलने जास्त असेल, तर तेवढ्याच आवाजासाठी निम्मी ताकद पुरते. म्हणजे ५० वॅटचा रिसीव्हर आणि ९० डेसिबलचा स्पीकर ही जोडी १०० वॅट आणि ८७ डेसिबलच्या जोडीइतकीच मोठ्याने वाजते. स्पीकर ४ ओहमचे असतील तर रिसीव्हर ते पेलतो का, हे मॅन्युअलमध्ये तपासून मगच घ्या.

जुना रिसीव्हर स्वस्तात मिळत असेल तर जरूर विचार करा. फक्त ४के व्हिडिओ त्यातूनच न्यायचा असेल, तर एचडीसीपी २.२ (व्हिडिओची नक्कल रोखणारी संरक्षण-पद्धत) आहे का ते विचारा. अमेरिकेतून कुणी आणलेला असेल तर मागे १२० व्होल्ट लिहिलेलं असण्याची शक्यता आहे. तो आपल्या २३० व्होल्टवर थेट लावला तर जळेल. सोबत मूळ रिमोट आणि ध्वनिमापनाचा माइक (खोलीनुसार स्पीकरचा आवाज जुळवायला लागणारा) मागून घ्या. रेकॉर्ड प्लेअर असेल तर ‘फोनो’ (रेकॉर्ड प्लेअरच्या क्षीण आवाजासाठीचं) सॉकेट आहे का ते बघा. दुकानात प्रत्येक इनपुट लावून बघा, आवाजाचं बटण हळूहळू फिरवा आणि खरखर येते का ते ऐका.

घरी आणल्यावर तो बंद कपाटात कोंबू नका. वरून हवा खेळू द्या, कारण ही यंत्रं बरीच तापतात. आणि दोनच स्पीकर जोडले असतील, तर मेनूत मधला, मागचे आणि सबवूफर नाहीत, असं आवर्जून नोंदवा. नाहीतर जो मधला स्पीकर जोडलेलाच नाही, त्याच्याकडे रिसीव्हर संवाद पाठवत राहतो: पार्श्वसंगीत दणदणीत ऐकू येतं, पात्रांचं बोलणं मात्र गायब. ही नोंद केली की तेच संवाद डाव्या-उजव्या स्पीकरमधून नीट ऐकू येऊ लागतात.