पाळीव प्राण्यांचा दवाखाना सुरू करताना

पशुवैद्यकीची पदवी आणि राज्य पशुवैद्यक परिषदेची नोंदणी हाती आली, की शहरात दवाखाना थाटू पाहणारे अनेक डॉक्टर आधी सोनोग्राफी यंत्राच्या किमती विचारू लागतात. हा क्रम उलटा आहे, असे माझे मत आहे. सुरुवातीच्या काळात रुग्ण वाचतात ते फोनवर नीट विचारलेल्या प्रश्नांमुळे, दर खेपेला घेतलेल्या वजनामुळे आणि दुसऱ्या डॉक्टरलाही वाचता येईल अशा केसपेपरमुळे. सोनोग्राफीसाठी रुग्णाला जवळच्या केंद्रात पाठवूनही भागते.

कायद्याची पूर्तता मात्र पहिला रुग्ण टेबलावर येण्यापूर्वीच झालेली असावी. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ पशुवैद्यकीय दवाखान्यांनाही लागू असल्यामुळे महाराष्ट्रात प्रदूषण नियंत्रण मंडळाची अधिकृत परवानगी घ्यावी लागते. वापरलेल्या सुया पांढऱ्या, सुईने भोक न पडणाऱ्या डब्यात आणि शस्त्रक्रियेत काढलेले अवयव पिवळ्या पिशवीत जातात. एक्स-रे यंत्रासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, तर भुलेसाठी वापरले जाणारे केटामाइन शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालील औषधांच्या यादीत असल्याने ते कुलपात ठेवून त्याच्या वापराची नोंद वहीत करावी लागते.

फोन उचलणाऱ्या कर्मचाऱ्याला काही लक्षणे पाठच असली पाहिजेत. बोका पुन्हा पुन्हा लघवीला बसतो आहे पण थेंबही पडत नाही. मोठ्या छातीच्या कुत्र्याचे पोट फुगले आहे आणि तो उलटीचा प्रयत्न करतो पण काहीच बाहेर येत नाही. नसबंदी न झालेली कुत्री माज येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांनी फार पाणी पिते, सुस्त पडते आणि योनीतून स्राव येतो. मे महिन्यात पग जातीचा कुत्रा धापा टाकत कोसळला आहे. अशा रुग्णांना उद्याची वेळ देऊ नये. उष्माघाताच्या रुग्णाच्या पालकाला तर निघण्यापूर्वीच कुत्र्याच्या अंगावर नळाचे पाणी ओतून पंख्याचा वारा घालायला सांगावे, कारण वाहतुकीच्या कोंडीत गेलेला वेळ परत मिळत नाही.

जागा लहान असली तरी मांजरांसाठी एक कोपरा वेगळा ठेवावा आणि त्यांचे पिंजरे जमिनीवर न ठेवता फळीवर, टॉवेलने झाकून ठेवावेत. उलट्या आणि रक्ताची हगवण असलेल्या, लसीकरण अपुरे राहिलेल्या पिल्लाला प्रतीक्षा खोलीत आणूच नये. त्याची तपासणी गाडीत किंवा स्वतंत्र दाराच्या खोलीत करावी. अशा पिल्लाला पार्व्हो हा आतड्यांचा जीवघेणा संसर्ग असू शकतो; त्याचा विषाणू जमिनीवर अनेक महिने टिकतो आणि स्पिरिट किंवा फिनेलवर त्याबाबतीत विसंबता येत नाही. शिवाय फिनेल मांजरांना विषारी ठरते. आधी घाण धुऊन काढावी, मग घरगुती ब्लीच साधारण तीसपट पाण्यात मिसळून ते जमिनीवर किमान दहा मिनिटे ओले राहू द्यावे. हे मिश्रण रोज ताजे करावे.

तपासणीत वजन, हिरड्यांचा रंग, हिरडी दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत परतणारी लाली आणि तापमान यांची नोंद दरवेळी व्हावी. कुत्र्याचे सामान्य तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, हे पालकांनाही सांगून ठेवावे, म्हणजे ‘अंग गरम लागते’ एवढ्यावरून घरी औषध दिले जाणार नाही. घरात कोणते औषध दिले, हा प्रश्न मांजराच्या बाबतीत तर कधीच चुकवू नये, कारण माणसांची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराच्या जिवावर बेतते.

आपल्याकडे गोचीड-ताप हा नित्याचा पाहुणा आहे. ताप, अन्नावरची वासना उडणे, पांढुरक्या हिरड्या, क्वचित नाकातून रक्त अशी लक्षणे दिसली की रक्तातील प्लेटलेट मोजाव्यात आणि झटपट चाचणी नकारात्मक आली तरी रक्ताचा स्मिअर, म्हणजे काचपट्टीवर पसरलेला थेंब, सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहावा, कारण गोचिडातून पसरणाऱ्या एर्लिकिया आणि बबेसिया या दोन जंतूंचे उपचार वेगळे आहेत. एर्लिकियासाठी डॉक्सिसायक्लिन २८ दिवस द्यावे लागते. ताप दोन-तीन दिवसांत उतरल्यावर पालक गोळ्या बंद करतात, म्हणून औषध संपण्याची तारीख केसपेपरवर ठळक लिहून द्यावी. तपकिरी गोचीड भिंतींच्या फटींत अंडी घालते, त्यामुळे नुसता कुत्रा स्वच्छ करून भागत नाही.

लसींचा फ्रिज २ ते ८ अंश सेल्सिअसवर राहतो की नाही, हे सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवावे आणि लसी दाराच्या कप्प्यात ठेवू नयेत. पिल्लांची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात, मग दर तीन-चार आठवड्यांनी किमान सोळाव्या आठवड्यापर्यंत द्यावी. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे आधीच्या मात्रा निष्प्रभ करू शकतात, हे कारण समजावले की पालक पुढच्या मात्रा सहसा चुकवत नाहीत. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर द्यावी.

रेबीजबाबत डॉक्टर आणि मदतनीस दोघांनीही चाव्यापूर्वीची लस घेतलेली असावी, ही अट मी नोकरीवर ठेवतानाच घालावी असे म्हणेन. लाळ गाळणारा, जबडा लोंबलेला कुत्रा ‘घशात हाड अडकले आहे’ म्हणून आणला जातो; हातमोजे न घालता आणि लसीकरणाची चौकशी न करता त्याच्या तोंडात हात घालू नये. चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरकडे जावे.

दाखल करण्यापूर्वी खर्चाचा अंदाज, भुलेचा धोका आणि पालकाची संमती लेखी घ्यावी, आणि प्रकृती बिघडल्यास वाढणारा खर्च कोणत्या टप्प्यावर पुन्हा विचारला जाईल तेही त्याच कागदावर नमूद करावे. शस्त्रक्रियेनंतर घरी गेलेल्या रुग्णाची दुसऱ्या दिवशी फोनवर विचारपूस करण्याचे काम एका ठरलेल्या व्यक्तीकडे द्यावे आणि टाके चाटणे, जेवण, लघवी यांची उत्तरे तिने केसपेपरवरच लिहावीत.