घरात पुढच्या दहा वर्षांत वीज किती लागणार, ते सोलापूरच्या हिशोबानं कसं काढायचं

सोलर बसवायचा म्हणलं की पहिला प्रश्न येतो तो किती किलोवॅटचा, आणि बहुतेक जण गेल्या महिन्याचं बिल बघून आकडा ठरवतात. पॅनल वीस-पंचवीस वर्षं छतावर राहणार असताना एका महिन्याच्या बिलावर तो आकडा ठरवणं मला अजिबात पटत नाही. आधी पुढची मागणी काढा. एक वही आणि रविवारची दुपार एवढ्यात होतंय.

सुरुवात रुपयांनी करू नका, युनिटनी करा. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, ॲपवर पण दिसतो, तिथून बारा महिन्यांचे आकडे उतरवून घ्या. आता नोव्हेंबर ते फेब्रुवारीची सरासरी काढा, ती तुमच्या घराची मूळ गरज. मार्च ते जून त्याच्यावर जेवढं जास्त येतंय तो आपला उन्हाळा. पारा चाळीसच्या पुढं जाणाऱ्या गावात हे दोन आकडे वेगळे ठेवलेच पाहिजेत, कारण पुढची वाढ बरीचशी उन्हाळ्यातच होणार आहे. विणकरांच्या पूर्वभागात ज्यांच्या घरातच माग (कापड विणायचं यंत्र) आहे त्यांनी मागाच्या मीटरचे युनिट यात धरायचे नाहीत, त्याचा दर पण वेगळा आणि गणित पण वेगळं.

मग घरातली एकेक वस्तू घ्या. वॅट गुणिले तास, भागिले हजार, झाले युनिट. जुना पंखा ७५ वॅटचा धरा, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणारा नवीन प्रकारचा पंखा साधारण ३० चा. फ्रिजच्या स्टार स्टिकरवर वर्षाचे युनिट लिहिलेलेच असतात. पाण्याची मोटर रोजची धरू नका, नळाला पाणी ज्या दिवशी येतं त्याच दिवशी ती चालते. आणि तास खरे लिहा बरं का, घरात विड्या वळणाऱ्या बायका असतील तर पंखा आणि लाइट दिवसभर चालू असते, नोकरदार घरासारखे संध्याकाळपासूनचे तास धरले तर हिशोब सपशेल चुकणार.

एसीच्या स्टिकरवर १६०० तासांचा वापर छापतात, त्याला १६०० नी भागून तुमच्या तासांनी गुणायचं, आणि आपल्या उन्हाला थोडं वाढवून धरायचं. मी दीड टनाला तासाला एक युनिट धरतो.

आता मेन काम. दहा वर्षांत घरात काय येणार आणि कोण जाणार हे घरच्यांना बसवून विचारा. एसी? गिझर? इलेक्ट्रिक स्कूटर? पोरगं पुण्याला जाणार का, आई-बाबा गावाकडून राहायला येणार का? दरवर्षी अमुक टक्के वाढ असं सरसकट धरू नका, कारण घराचा वापर हळूहळू चढत नाही, एसी आला की एका उन्हाळ्यात उडी मारतो.

समजा जुळे सोलापुरातलं चार माणसांचं घर आहे, वर्षाला १७६० युनिट, मे महिन्यात २१०. एसी शंभर रात्री सात तास चालला तर ७०० युनिट वाढले. स्कूटर रोज पंचवीसेक किलोमीटर, म्हणजे दिवसाला एक युनिट, वर्षाला ३६०. झाले २८२०. त्याऐवजी आजचे १७६० दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढवत गेलात तर दहा वर्षांनी २३६५ च्या आसपास येतात, आणि मे महिन्याची उडी दिसतच नाही, खरं तर एसी आणि स्कूटर धरून मेचा वापर २१० वरून ४४० वर जातो. आता तीन जुने पंखे बदलले, रोज दहा तास आणि वर्षात ३०० दिवस धरले तर ४०५ युनिट वाचतात, म्हणजे खाली २४१५. असे दोन-तीन अंदाज शेजारी शेजारी लिहा, एकच आकडा धरून बसू नका. स्वयंपाक इंडक्शनवर नेणार असाल तर एका सिलिंडरमागं साधारण १२० ते १३० युनिट धरा.

यात सरकारी धोरणाचा काय संबंध असं वाटेल, पण लई संबंध आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, म्हणजे जो एसी तुम्ही पाच वर्षांनी घेणार होता तो कदाचित पुढच्याच उन्हाळ्यात येईल. दुसऱ्या बाजूनं २०२० पासून नवीन एसी चालू केला की २४ डिग्रीवरच लागतो आणि २०२३ पासून पंख्यांना पण स्टार लेबल सक्तीचं आहे, त्यामुळं तीच वस्तू कमी वीज खाते. वहीत प्रत्येक नियमापुढं लिहा, यानं माझे युनिट वाढणार की कमी होणार.

दर ठरवतो वीज नियामक आयोग. होटगीजवळ फताटेवाडीला एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा प्रकल्प आहे म्हणून आपल्याला वीज स्वस्त मिळेल असं काही नसतं, ती वीज ग्रिडमध्ये म्हणजे सगळीकडच्या सामायिक तारांच्या जाळ्यात जाते. घरगुती स्लॅब म्हणजे दराचे टप्पे महिन्याला १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात. बरेच जण समजतात की ३०० ओलांडले की सगळ्याच युनिटना वरचा दर, तसं नाही, वरच्या युनिटनाच लागतो, पण मे महिन्यातले ते १४० युनिट चांगलेच महाग पडतात.

आता सोलर. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ ची, पहिल्या दोन किलोवॅटला ३०,००० प्रमाणे आणि तिसऱ्याला १८,००० अनुदान, जास्तीत जास्त ७८,०००. आपल्या उन्हात एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतो, वर्षाला चौदाशेच्या आसपास. आजचे १७६० बघून तुम्ही एक किलोवॅट लावाल, पण अंदाज २४०० ते २८०० सांगतोय, म्हणजे दोनच पाहिजे. फक्त एक आहे, सोलर आला की वीज फुकट म्हणून एसी दुपारी पण चालू राहतो, तेवढे तास आधीच वाढवून धरा. मंजूर भार, म्हणजे तुमच्या कनेक्शनला एकावेळी जेवढे किलोवॅट मंजूर आहेत तो, आणि वायरिंग पण तेव्हाच बघून घ्या.

दरवर्षी जूनचं बिल आलं की वही काढा, अंदाजाशेजारी खरा आकडा लिहा. फरक जास्त दिसला तर आधी एसीचे तास तपासा आणि त्या वर्षी दर किंवा योजना बदलली का तेही बघा.